एकतिसावा पेपर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

प्राचार्य व्याससरांनी आज स्वतः लायब्ररीत येऊन फाइल माझ्या टेबलावर ठेवली. करंबेळकरांची. अडतीस पेपर, चोवीस वर्षं, सगळे दारू आणि बाकीच्या नशेच्या मानसशास्त्रावर. कॉलेजात व्यसनमुक्तीच्या अभ्यासाचं नवं केंद्र उघडायचंय आणि संचालक म्हणून एकच नाव पुढे आहे — डॉ. गोपाळकृष्ण करंबेळकर. नेमणुकीआधी निवड समितीसाठी यादी तपासायची. प्रत्येक पेपर खरंच छापलाय का, त्याच जर्नलमध्ये, त्याच साली. ग्रंथपालाचंच काम. ठीक.

प्राचार्य जाता जाता म्हणाले, "मुक्ताजी, आप लोग तो आपस के हैं. ज़रा कड़क होकर देखिएगा." हसत म्हणाले. आपस के म्हणजे मराठी. मी पण हसले. पण ते डोक्यात बसलं. आता दोनदा तपासणार.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. रुचिर, माझा धाकटा भाऊ, पाच वर्षांपूर्वी याच करंबेळकरांकडे होता — नानाखेड्याच्या त्यांच्या व्यसनमुक्ती केंद्रावर, चाळीस दिवस. सांगायला हवं होतं का? यादी तपासण्याशी त्याचा काय संबंध.

४ नोव्हेंबर

बारा पेपर मिळाले. सगळे जागच्या जागी. माणूस चोख आहे. जरा जास्तच चोख.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं काहीतरी. चौदावा आणि एकोणिसावा पेपर — नावं वेगळी, जर्नल वेगळी, पण रुग्णांची संख्या तीच, एकशे सहा. वयाची सरासरी तीच. एकाच भांड्यातली भाजी दोन ताटांत वाढलेली. शिवाय २००९ सालचा सहावा पेपर कुठेच नाही. जर्नलची वेबसाइट उघडत नाही.

कॉलेजात सगळे त्यांना देवमाणूस म्हणतात. मला देवमाणूस शब्दाचीच भीती वाटते. रुचिरच्या वेळी पहिले पंधरा दिवस त्यांनी आईला आत सोडलं नव्हतं. ती बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसायची, आणि हे स्कूटर लावून तिच्यासमोरून आत जायचे. "उद्या या" एवढंच.

९ नोव्हेंबर, रविवार

सहावा पेपर मिळाला. भोपाळच्या एका ग्रंथपालबाईंनी जुना अंक काढून फोटो पाठवले. आणि एकोणिसाव्यात पहिल्याच पानावर लिहिलंय की रुग्ण आधीच्याच अभ्यासातले आहेत. माझ्याच नजरेतून सुटलं.

खरं तर बरं वाटायला हवं. वाटलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

एकतिसावा पेपर. २०२३. उपचार घेतलेली माणसं पुन्हा का पितात, नऊ रुग्णांचा अठरा महिन्यांचा मागोवा. छापलाय, जागेवर आहे. तिथे खूण करून पुढे जायचं होतं. मी वाचत बसले.

केस नंबर सात. पुरुष, विवाहित, चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा. फेब्रुवारी २०२१ पासून देखरेखीखाली. चौथ्या महिन्यात प्यायला. नवव्या महिन्यात प्यायला. चौदाव्या महिन्यात सलग चार दिवस, सकाळी, घरात एकट्याने. प्रत्येक वेळी आपणहून परत आला. घरच्यांना यातलं काही माहीत नाही.

आणि खाली त्याच्या तोंडचं एक वाक्य, इंग्रजीत — आमच्या घरी हात हुंगल्याशिवाय चहा मिळत नाही.

मी पान खाली ठेवलं.

हे आमचं घर आहे. रुचिर केंद्रातून परत आल्यापासून आई रोज संध्याकाळी तेच करते. तो फ्रीगंजातलं दुकान वाढवून येतो, वर आपल्या घरी जायच्या आधी खाली आमच्याकडे येतो, दोन्ही हात पुढे करतो, आई हुंगते, मग चहा. त्याचं बिजलीच्या सामानाचं दुकान, वय तेव्हा चौतीस, गौरीशी लग्न झालेलं, फेब्रुवारी २०२१ मध्येच सुटलेला. दुसरं कोण असणार?

पण रुचिरने पाच वर्षांत थेंब घेतलेला नाही. पाच वर्षं! आईने गल्लीत पेढे वाटलेत.

१२ नोव्हेंबर

हिशेब मांडला. चौथा महिना — जून २१. नववा — नोव्हेंबर, म्हणजे दिवाळी. चौदावा — एप्रिल २२.

एप्रिल २२ मध्ये रुचिरचं अपेंडिक्स फुटलं होतं. आठ दिवस दवाखान्यात, पोटाला टाके, सलाइन. आई, गौरी आणि मी पाळीपाळीने त्याच्या उशाशी. वडील, म्हणजे अण्णा, घर सांभाळायला. ज्या माणसाला कूस बदलता येत नव्हती तो म्हणे घरात एकटा बसून चार दिवस पीत होता.

खोटं आहे. करंबेळकरांनी लिहिलेलं साफ खोटं आहे. माझ्या भावाचं नाव लपवून त्याच्या नावावर नापास लिहिलंय, कारण पेपरला नापास झालेला माणूस हवा होता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

त्यांना लायब्ररीत बोलावलं. आले. एकसष्ट वर्षांचे, सुती झब्बा, चष्म्याला दोरी. मी विचारलं, केस सातच्या तारखा कुठून आल्या.

पेपर उलटून शेवटचं पान काढलं. मग म्हणाले, "पेपराच्या शेवटची टीप वाचलीत?"

वाचली नव्हती. त्यांच्यासमोरच वाचली. 'रुग्णांची ओळख पटू नये म्हणून वय, व्यवसाय इत्यादी तपशील बदलले आहेत.'

"म्हणजे यातलं खरं काय?" मी म्हटलं.

"पिणं खरं. परत येणं खरं." मग बोट त्या वाक्यावर ठेवलं. "हे वाक्य मी काढायला हवं होतं. ती माझी चूक. एरवी अडतीस पेपरांमधलं काहीही विचारा. या केसबद्दल विचारू नका."

"का?"

"कारण तो माझा पेशंट आहे आणि तुम्ही समितीच्या वतीने विचारताय."

उठले, खुर्ची जागेवर सरकवली, गेले. चूक कबूल केली पण कसली ते नाही. सोयीची टीप आहे. सगळं बदललं म्हटलं की कुठलंही खोटं झाकता येतं.

१४ नोव्हेंबर

आणि तारखा खऱ्या असतील तर?

हे मी लिहायला नको होतं. लिहिलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

एप्रिल नाही, पण जून? जून २१ मध्ये एकदा दुपारभर त्याचा फोन बंद होता. इंदूरला माल आणायला गेलो होतो म्हणाला. त्या दिवाळीत फराळाला बसलेला अर्ध्यातून उठून वर गेला, डोकं दुखतंय म्हणून. तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. आता वाटतं.

आज संध्याकाळी आई त्याचे हात हुंगत होती. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. त्याने मला बघताना पाहिलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

अण्णांशी बोलले. रुचिर सुटला तेव्हा दर गुरुवारी तेच त्याला नानाखेड्याला न्यायचे. बँकेतून रिटायर झालेले, वेळ होता. पुढे रुचिर एकटा जायला लागला तरी अण्णा जात राहिले, तिथल्या घरच्यांच्या बैठकीला. म्हणायचे, तिथे चार माणसं भेटतात.

विचारलं, "अण्णा, त्या दीड वर्षात रुचिर पुन्हा प्यायला असं तुम्हाला कधी वाटलं?"

"रुचिर? नाही."

"नक्की?"

"तो नाही प्यायला." मग म्हणाले, "कुठे लिहिलंय असं?"

पेपर दिला. त्यांचं इंग्रजी माझ्याहून चांगलं. ओट्यावर उन्हात बसून सगळा वाचला, नऊच्या नऊ केस. तासभर लागला. परत दिला तेव्हा घडी नीट केलेली.

"काय वाटतं?"

"बरं लिहिलंय त्याने," म्हणाले, आणि चपला घालून बाहेर पडले. वैतागले मी. पोराच्या नावावर हे लिहिलंय आणि म्हणे बरं लिहिलंय. जन्मभर कोणाला वाईट म्हणून माहीत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लाज वाटते लिहायला. दुपारी फ्रीगंजात गेले. रुचिर बाहेर एका घरी पंखे लावायला गेला होता, गौरी गल्ल्यावर. मी मागच्या खोलीत पाणी प्यायचं निमित्त केलं आणि कपाट उघडलं. वायरची बंडलं, होल्डरचे डबे, जुन्या ट्यूबलाइट. डब्यांच्या मागे हात घालून बघितलं. एक बाटली होती. उघडून वास घेतला. टर्पेंटाइन.

वळले तर गौरी दारात.

ती ओरडली नाही. म्हणाली, "ताई, हे कपाट मी रोज बघायचे. दोन वर्षं. त्याला माहीत होतं मी बघते, तो काही बोलायचा नाही. मग एक दिवस मीच ठरवलं की आता बघायचं नाही. फार कठीण गेलं ते मला."

मी कपाट लावलं. पेपराचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"मग त्यालाच विचारा ना," म्हणाली. "माझ्या पाठीमागे नका बघू."

१९ नोव्हेंबर

विचारलं. चहाच्या आधी, आई आत असताना.

"रुचिर, जून २०२१ मध्ये, इंदूरला गेलास त्या दिवशी — प्यायलास का?"

त्याला आधी कळलंच नाही मी काय म्हणतेय. मग कळलं. चेहरा कसा झाला ते लिहिता येत नाही.

"कोण बोललं?"

"कोणी नाही. करंबेळकरांच्या पेपरात आहे."

"माझं नाव आहे त्यात?"

"नाव नाही. पण—"

"सर असं लिहिणारच नाहीत. मी प्यायलोच नाही तर ते लिहितील कसे?" जिन्याकडे निघाला, परत वळला. "ताई, तू सरांवर शक करतेस की माझ्यावर? एकाचं काहीतरी ठरव."

आई बाहेर आली. त्याने हात पुढे केले नाहीत. "आज नको चहा," म्हणाला आणि जिना चढून गेला.

आई माझ्याकडे वळली. "काय बोललीस त्याला?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

ठरवलं. भावावर विश्वास ठेवायचा तर पेपर खोटा. दुसरी वाट नाही.

समितीला टिपण लिहिलं. सदतीस पेपर बरोबर. एकतिसाव्यातल्या केस सातच्या नोंदी 'माझ्या व्यक्तिगत माहितीनुसार' घडणं अशक्य. मूळ फाइल मागवावी. व्याससर वाचून म्हणाले, "वाह. मुझे लगा था आप टाल जाएँगी." त्यांना आनंद झाला असं वाटलं. त्यांचा दुसरा कोणी उमेदवार आहे का? आता मला सगळीकडे हेच दिसतं.

२२ नोव्हेंबर

तीन दिवस रुचिर खाली आला नाही. आई चहा करते, झाकून ठेवते, ओतून देते. अण्णा जेवत नाहीत धड. विचारलं तर पोट म्हणतात.

२४ नोव्हेंबर, सोमवार

समितीची बैठक. मला टिपणासाठी बसवलं होतं. पाच जण, करंबेळकर समोर.

व्याससर म्हणाले, "डॉक्टर साहब, बस केस सात की फ़ाइल दिखा दीजिए. बात ख़त्म."

"फ़ाइल नहीं दिखाऊँगा."

"नाम ढँक दीजिए."

"नाम ढँकने से नहीं ढँकेगा. जिन्हें पहचानना है, वे इसी कमरे में बैठी हैं."

सगळे माझ्याकडे वळले. मी कागदाकडे.

"तो फिर हम क्या समझें?"

"जो ठीक लगे समझिए." त्यांनी खिशातून एक कागद काढला. घरूनच लिहून आणला होता. संचालकपदासाठी आपलं नाव मागे घेत असल्याचं. खाली सही. व्याससर म्हणाले, जर्नललाही कळवावं लागेल, पेपर मागे घेतला जाईल, बाकीच्या पेपरांकडेही लोक बोट दाखवतील. करंबेळकर म्हणाले, "जी." चोवीस वर्षांच्या कामावर एवढाच शब्द.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्या मागे गेले. का गेले कोण जाणे. म्हटलं, "सर, पेपर खरा असेल तर दाखवायला काय हरकत होती?"

थांबले. रागावलेले नव्हते, थकलेले होते. "मुक्ताबाई, आमच्याकडे माणूस येतो तो एकाच भरवशावर येतो. तो मोडला की तो परत येत नाही. मग पेपर कसले लिहिणार?" जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून पुन्हा वळले. "घरी कोणाची झडती घेऊ नका. हे डॉक्टर म्हणून सांगतोय."

त्यांना झडतीचं कसं कळलं? रुचिर गेला असेल त्यांच्याकडे. म्हणजे अजून जातो. म्हणजे—

नाही. आज नाही.

२५ नोव्हेंबर

जेवताना घरी सांगितलं की करंबेळकरांनी नाव मागे घेतलं. आई म्हणाली, बरं झालं, माझ्या पोराला बदनाम करत होता. अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला.

"फाइल दाखवली नाही त्याने?"

"नाही."

"काहीच बोलला नाही?"

"एक अक्षर नाही. खोटं असल्याशिवाय कोणी असं करतं का?"

अण्णा उठले, हात धुतले, आणि बराच वेळ नळ चालूच ठेवला. मी जाऊन बंद केला तेव्हा ते तिथेच उभे होते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

रस्ता सिंहस्थ मेळ्यासाठी खणून ठेवलाय, रिक्षा लांब सोडते. चालत येताना रुचिर समोरून आला. वाटलं बाजूने निघून जाईल. थांबला.

"ताई, मी काल केंद्रावर गेलो होतो. सरांना भेटायला. वर्षभरानंतर गेलो." म्हणजे आधी गेलाच नव्हता. मग झडतीचं त्यांना कोणी सांगितलं? "त्यांना विचारलं, मी आहे का तो सात नंबर. म्हणाले, तुला स्वतःबद्दल जे माहीत आहे ते तुला माहीत आहे, मला काय विचारतोस."

"मग?"

"मग काय. मला माहीत आहे." जरा जवळ आला. "पण ताई, एक सांगतो. गेल्या दहा दिवसांत दोनदा दुकान बंद करून मी दारूच्या ठेक्याकडे चालत गेलोय. दारापर्यंत. पाच वर्षांत पहिल्यांदा. आत गेलो नाही. तुला सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तुला कुठे वाचायला मिळायला नको."

मी रस्त्यात त्याचा हात धरला. त्याने सोडवला नाही, पण धरलाही नाही.

माफी मागितली. "हं," म्हणाला.

१ डिसेंबर, सोमवार

पुन्हा वाचला पेपर. संशय बाजूला ठेवून वाचायचा म्हटलं, पण नाही जमत. रुचिर खरं बोलतो, हे आता मला कळतं. अंगाला कळतं. करंबेळकर खोटे बोलले असते तर एवढं सगळं सोडून गेले नसते, हेही कळतं. दोघं खरे कसे असतील? कुठेतरी मीच चुकतेय आणि कुठे ते दिसत नाही.

अण्णा दोन दिवस वर रुचिरच्या घरी जाऊन बसतात. दार लावून. आईने विचारलं तर म्हणाले, बापलेकाचं बोलणं.

रुचिर आज खाली आला. आईने सवयीने हात पुढे केला. तो म्हणाला, "आई, हे आता बंद कर." शांतपणे म्हणाला. आईने अण्णांकडे बघितलं, अण्णांनी खाली. चहा मात्र घेतला त्याने. मला म्हणाला, "बस ना तू पण."

३ डिसेंबर, बुधवार

साडेअकराला व्याससरांचा शिपाई बोलवायला आला. खोलीत अण्णा बसलेले. इस्त्रीचा शर्ट, बँकेत जायचे तसे. शेजारी रुचिर. अण्णा हिंदीत बोलत होते, थांबत नव्हते. "करंबेळकर साहब ने एक शब्द झूठ नहीं लिखा. केस नंबर सात मैं हूँ. सैंतालीस साल से पी रहा था, घर में किसी को पता नहीं. बैठक के बहाने साहब के पास अपना इलाज करवा रहा था. लिखवा लीजिए, मैं दस्तख़त करूँगा."

मग माझ्याकडे वळले. "मुक्ता, रुचिरला मी सांगितलं. तुलाही आता कळलं. तुझ्या आईला तू सांगशील का? मला नाही जमत आहे."